बाबा रागावलेले नाहीत

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला रुग्ण सापडायला लागले आणि जीबीएस, म्हणजेच गुलेन-बारी सिंड्रोम, हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. आम्ही नेरूळला राहतो. मला हा आजार त्याच वर्षी पावसाळ्यात झाला. पत्नी शिक्षिका, लेक तेव्हा नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. लहान मुलं असलेल्या घरात आई किंवा बाबा असे अचानक आडवे झाले तर काय होतं, त्याबद्दल लिहितोय.

आधी जुलाब झाले, बरे झाले. पंधरवडा उलटत नाही तोच तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. पायात चप्पल आहे की नाही तेही कळेना. मग रिक्षातून उतरताना गुडघे दुमडले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या शर्टाची बटणं मला लावता येईनात. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, बी-१२ ची इंजेक्शनं घ्या. पत्नीला ते पटलं नाही. ‘अशक्तपणा खालून वर चढतो का?’ एवढंच म्हणाली आणि मला थेट न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन गेली. त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसरा गुडघा, घोटा, कोपर, सगळीकडे तेच. म्हणाले, घरी जाऊ नका, इथूनच ॲडमिट व्हा. तिच्या त्या एका प्रश्नाचं मोल मला रोज जाणवतं.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या संसर्गाशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटते. अशक्तपणा बहुतेक वेळा पायांपासून वर चढत जातो आणि दोन ते चार आठवड्यांपर्यंत आणखी वाढू शकतो. खरी धास्ती श्वासाची असते. दर काही तासांनी नर्स यायची आणि एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावायची. सकाळी मी २८ पर्यंत गेलो होतो, रात्री १९ ला दम संपला. लगेच आयसीयूत हलवलं. सुदैवाने व्हेंटिलेटर लागला नाही.

उपचार म्हणून मला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीजचं) औषध दिलं. त्याचे डोस वजनावर ठरतात: किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून हे औषध बनतं, त्यामुळे ते फार महाग असतं. विम्याची मंजुरी येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मेहुण्याने ती धावपळ अंगावर घेतली, म्हणून पत्नीला मुलांजवळ थांबता आलं.

लेकीने तिला सरळच विचारलं, ‘बाबा मरणार आहे का?’ पत्नीने तिला गप्प केलं नाही. चार्जरच्या वायरीचं वरचं आवरण सोललं की फोन नीट चार्ज होत नाही ना, तसं बाबाच्या नसांचं झालंय, आवरण परत येतं पण वेळ लागतो, आणि डॉक्टर त्याच्या श्वासावर लक्ष ठेवून आहेत, असं सांगितलं. त्यानंतर लेक व्हिडिओ कॉलवर माझ्याबरोबर आकडे म्हणायची. मी थांबलो की वहीत लिहून ठेवायची. आकडा वाढला की आजीला ओरडून सांगायची. मुलांपासून लपवावं असं सांगणारे पुष्कळ भेटले. मला ठामपणे वाटतं, खरं कळलं म्हणूनच ती सावरली.

मुलाचं मात्र वेगळं होतं. माझा चेहरा दोन्ही बाजूंनी लुळा पडला होता. हसू येईना, डोळे मिटेनात, रात्री पापण्यांवर टेप लावायचे. वॉर्डात आल्यावर त्याला पहिल्यांदा भेटायला आणलं, तर तो दारातच थबकला. ‘बाबा रागावलेत,’ म्हणाला आणि आजीच्या पदराआड गेला. मला हात पसरता येत नव्हते, ओठ हलवून हसता येत नव्हतं. जिवाची इतकी घालमेल आयसीयूतही झाली नव्हती. मग लेकीने तोडगा काढला. ‘बाबाचं हसू आजारी आहे, म्हणून तो बोटाने हसतो,’ असं तिने त्याला सांगितलं. उजव्या हाताची तर्जनी तेवढी उचलता येत होती. ती मी वर केली. थोड्या वेळाने त्यानेही आपलं बोट वर केलं.

घरी आलो आणि संगमनेरहून आलेली आई राहूनच गेली. स्वयंपाक तिच्याकडे आणि बसस्टॉपवर मुलांना सोडणं शेजारच्या काकांकडे. सोसायटीत मात्र हा आजार लागतो अशी कुजबुज झाली आणि मुलांचे मित्र यायचे बंद झाले. जीबीएस एकापासून दुसऱ्याला होत नाही. पत्नीने डॉक्टरांकडून तसं लिहून घेतलं आणि दोघांच्या वर्गशिक्षिकांना व सोसायटीच्या सेक्रेटरींना दिलं. पुढच्या रविवारी मुलं परत खेळायला आली.

फिजिओथेरपीत मला सगळ्यात कठीण गेलं ते थांबणं. जोर लावून लवकर बरं होता येत नाही, उलट थकवा वाढतो. दमायच्या आधी बसायचं, असा दंडक होता. वॉकरवरून काठीवर आल्यावर नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानातल्या तलावाकाठी चालायला जायचो. लेक प्रत्येक बाकड्याशी मला बसवायची आणि मी ऐकायचो. मुलगा कडेवर घे म्हणायचा, तेव्हा मी बसायचो आणि तो मांडीवर चढायचा.

आता चेहरा बराचसा सुधारला आहे. चवड्यांवर उभं राहणं अजून जमत नाही आणि संध्याकाळी उजवा पाय ओढतो. ऑफिस काही दिवस घरून, काही दिवस महापेला जाऊन चाललं आहे. लोकलची गर्दी टाळायला कामाची वेळ बदलून घेतली आहे, त्यामुळे दुपारी बसस्टॉपवर मुलांना आणायला हल्ली मीच जातो.