आंदोलनाच्या ग्रुपला ट्रस्ट जोडताना

तुम्ही विचारलंत म्हणून. "आमचा बायकर्सचा ग्रुप खड्डे, टोल, हेल्मेटसक्ती यांवर निवेदनं देतो, मोर्चे काढतो. लोक पैसे द्यायला तयार आहेत, पण ऐंशी-जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती मागतात. मग ग्रुपच ट्रस्ट म्हणून नोंदवायचा का?" हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर: नाही. ग्रुप आहे तसा राहू द्या, शेजारी दुसरी संस्था काढा, आणि ती खरोखरच दुसरी असू द्या.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये धर्मादाय हेतू म्हणजे गरिबांना व संकटग्रस्तांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, सार्वजनिक उपयोगाची इतर कामं. सरकारला कायदा बदलायला लावणं हाच मुख्य हेतू असेल तर तो राजकीय धरला जातो आणि अर्ज तिथेच अडतो. ब्रिटनमध्ये १९७३ साली हेल्मेटसक्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या मोटरसायकल ॲक्शन ग्रुपच्या शेजारीही मॅग फाउंडेशन ही धर्मादाय संस्था वेगळीच आहे.

कोणतं काम कुणाचं, हे एका उदाहरणात कळेल. खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाखांची भरपाई द्यावी, असा मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश आहे. त्या कुटुंबाला कागद जमवून अर्ज करायला मदत करणं हे ट्रस्टचं काम. त्याच खड्ड्यात झाड लावून महापालिकेसमोर घोषणा देणं हे ग्रुपचं. तसंच हेल्मेटसक्तीला ग्रुपचा विरोध असला तरी ट्रस्टने आयएसआय शिक्क्याची हेल्मेटं वाटायला काहीच हरकत नाही.

ट्रस्टऐवजी सोसायटी (सोसायटी नोंदणी कायद्याखालची संस्था) काढायला किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात तिची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणूनही होते; म्हणजे दोन कायद्यांची कटकट. कलम आठच्या, म्हणजे कंपनी कायद्याखालच्या ना-नफा कंपनीचा वार्षिक खर्च लहान ग्रुपला झेपत नाही. साधा ट्रस्ट पुरतो. विश्वस्तपत्रात 'रस्ता सुरक्षेसाठी लढा' लिहू नका. 'अपघातग्रस्तांना वैद्यकीय व आर्थिक मदत, प्रथमोपचार आणि सुरक्षित वाहनचालनाचं प्रशिक्षण' असं लिहा. लाभार्थी 'ग्रुपचे सदस्य' ठेवलेत तर ती भिशी झाली, सार्वजनिक न्यास नव्हे. ट्रस्ट बंद झाल्यास मालमत्ता तशाच दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे जाईल, ग्रुपकडे नाही, हेही लिहून ठेवा. विश्वस्तपत्र झाल्यापासून तीन महिन्यांत अनुसूची दोनचा (ठरावीक नमुन्यातला नोंदणीचा) अर्ज, विश्वस्तांची संमतीपत्रं, जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि प्रतिज्ञापत्र धर्मादाय आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात जातं.

सगळ्यात जास्त संस्था अडकतात त्या 'ग्रुपचा अध्यक्ष हा पदसिद्ध विश्वस्त' या एका ओळीवर. ऐकायला सोयीचं वाटतं. पण ग्रुपची निवडणूक दरवर्षी होते, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पहिला अर्ज प्रलंबित असतानाच दुसरा अध्यक्ष येतो. परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, नाव जुन्याचंच, आणि बँक सही बदलायला तोच उतारा मागते. तोवर जुन्या अध्यक्षाचं ग्रुपशी फाटलेलं असतं आणि चेकवर सही करायला तो येत नाही. म्हणून विश्वस्त नावानिशी, पाच वर्षांसाठी नेमा. पाच विश्वस्त असतील तर निदान तीन ग्रुपच्या कार्यकारिणीबाहेरचे घ्या: एखादा ऑर्थोपेडिक डॉक्टर, एक सीए, एक शिक्षक.

पैशाचं म्हणाल तर ग्रुपने ट्रस्टला देणगी द्यावी, उलटं कधीच नाही. मोर्चाचे फ्लेक्स ट्रस्टच्या खात्यातून छापले की ऐंशी-जीवर पाणी सोडा. क्यूआर कोड दोन, पावतीपुस्तकं दोन. राईडच्या शेवटी हेल्मेट उलटं धरून जमवलेली रक्कम ट्रस्टमध्ये भरत असाल तर देणाऱ्यांची नावं-पत्ते लिहून घ्या. निनावी देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या आकड्यापलीकडे गेल्या की त्यावर ३० टक्के कर. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ऐंशी-जीची वजावट नाही. टी-शर्ट विकणं म्हणजे देणगी नव्हे, म्हणून ते ग्रुपने विकावेत.

परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे घेण्याआधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या कमाईतून दिलेली देणगी परकीय नव्हे. ओसीआय कार्डवाल्याची (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची) परकीयच, मग तो सदाशिव पेठेत वाढलेला का असेना. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागते. त्या कायद्याच्या २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको नेहमी करणाऱ्या संस्थांना राजकीय स्वरूपाच्या ठरवायची तरतूद होती. सक्रिय राजकारणाशी संबंध असेल तरच ती लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी अर्ज करणाऱ्या ट्रस्टच्या लेटरहेडवर रास्ता रोकोचं आवाहन कशाला हवं?