परत न गेलेल्या वस्तू

आमच्या नौपाड्यातल्या घरात काही सापडेनासं झालं की शोध बाल्कनीतल्या टेबलापासून सुरू होतो. फुलक्यांचा चिमटा, फ्रिजवरचं लोहचुंबक, लेकाचा मार्कर. सासूबाई तर आता विचारतसुद्धा नाहीत. येतात, चष्मा कपाळावर सारतात, टेबलावरून नजर फिरवतात आणि आपली वस्तू उचलून चालू लागतात.

मी चांदीचे दागिने करते. शिकायला लागले तेव्हा लोकलने मस्जिदला उतरून झवेरी बाजारातून यादी करून हत्यारं आणली होती. करवत, कानशी, तार ओढायची जंत्री, चार तऱ्हेच्या पकडी. त्यातल्या निम्म्यांचं तेल अजून पुसलेलं नाही. रोज हाताला लागतात त्या घरातूनच पळवलेल्या वस्तू.

उदाहरणार्थ सहाण. (देवघरातली नव्हे, तेवढी अक्कल मला आहे. माळ्यावर पडलेली, कड उडालेली.) चांदीला झाळ द्यायची, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूच्या तुकड्याने सांधा जोडायचा, तर आधी त्या सांध्याला सवागी, म्हणजे टाकणखार, लावावी लागते. ती सहाणेवर चार थेंब पाण्यात गंधासारखी उगाळायची आणि जुन्या ब्रशने लावायची. ज्योत दाखवली की ती आधी लाह्यांसारखी फुलते, मग खाली बसते. वितळून काचेसारखी चमकली की श्वास रोखून धरायचा, कारण आता कुठल्याही क्षणी झाळेचा तुकडा पाण्यासारखा होऊन फटीत शिरणार. तो ऊब असेल तिकडे धावतो, आपण बोट दाखवू तिकडे नाही. एक सांधा जोडून झाला असेल आणि शेजारचा जोडायचा असेल, तर पहिल्यावर गेरूचा लेप द्यायचा, म्हणजे तिथली झाळ जागची हलत नाही. गेरू अर्थातच रांगोळीच्या डब्यातला.

आगीतून निघालेली चांदी काळवंडलेली असते. ती ढोकळ्यासाठी आणलेल्या लिंबूफुलाच्या गरम पाण्यात टाकायची, थोड्या वेळात पांढरी होते. इथेच माझा फुलक्यांच्या चिमट्याचा प्रसंग घडला. त्या लोखंडी चिमट्याने मी एक पैंजण पाण्यातून बाहेर काढलं, तर ते चक्क गुलाबी! त्या पाण्यात आधीच्या दागिन्यांमधलं तांबं उतरलेलं असतं आणि लोखंड बुडालं की तेच तांबं चांदीवर चढून बसतं. हे मला नंतर आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांनी सांगितलं, तेही पोटभर हसून झाल्यावर. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, ते असं. तेव्हापासून चायनीजच्या पार्सलबरोबर आलेल्या लाकडी काड्या वापरते. चिमटा परत केला, पण सासूबाईंनी तो फुलक्यांना घ्यायचं नाकारलं. आता तो माझाच.

सोनारकाका अजून गुंजेत बोलतात. तोळ्याला 96 गुंजा आणि तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, म्हणजे त्यांची गुंज ग्रॅमच्या आठव्या हिश्श्याहूनही हलकी. माझ्या टेबलाखाली पडलेला कीस पाहून ते एकदा कळवळून म्हणाले होते, "पोरी, झाडू मारू नकोस गं, नाहीतर झारेकरी बोलवावा लागेल!" सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन तिच्यातलं सोनं काढणारा तो झारेकरी. मी टेबलाच्या कडेला जुना पंचा खिळ्यांनी ठोकला, बसले की त्याचं दुसरं टोक मांडीवर घेते. संध्याकाळी कीस कागदावर घेऊन वरून लोहचुंबक फिरवते, म्हणजे करवतीच्या मोडलेल्या पात्यांचं नि कानशीचं लोखंड वेगळं होतं. पाती मात्र फार मोडायची. देवापुढच्या मेणबत्तीचं मेण चोळायला लागल्यापासून कमी मोडतात. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत पात्यांना गंज धरतो, म्हणून डबीत खडूचा तुकडा. खडूही लेकाचाच.

नक्षी उठून दिसायला चांदी मुद्दाम काळी करायची असते, त्याला उकडलेल्या अंड्यासारखी दुसरी वस्तू नाही. बलक कुस्करून दागिन्याबरोबर झाकणाच्या डब्यात ठेवला की त्यातल्या गंधकाने चांदी हळूहळू तपकिरी, मग काळी होत जाते. वरचा भाग घासून उजळला की खाचांमधला काळा तसाच राहतो. आमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. बाल्कनी हा वेगळा प्रांत आहे, असं आमचं दोघींचं न बोलता ठरलंय.

वाद झाला तो बटाट्यावरून. समोरच्या वहिनींची माणकाची अंगठी आली होती, वळं खालून तडकलेलं. चांदी उष्णता इतकी भरभर पसरवते की खाली ज्योत लावली तरी वर खडा तापतो. त्यावर उपाय म्हणजे अर्धा कच्चा बटाटा. खड्याची बाजू त्यात रुतवायची, तडा वर ठेवायचा. बटाट्यातलं पाणी उष्णता ओढून घेतं. ज्योत मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ धरावी लागली. बटाटा चुरचुरला, वाफ निघाली आणि घरभर खमंग वास सुटला.

सासूबाई आल्या. त्या दिवशी संकष्टी होती.

"अगं, उपासाचा बटाटा भाजतेस होय? मीठ-जिरं आणू?"

"आई, हा खायचा नाही. याला सवागी लागलीय."

त्यांनी आधी बटाट्याकडे पाहिलं, मग त्यातून वर आलेल्या अंगठीकडे. काही न बोलता आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कांद्या-बटाट्याची टोपली उघडली, तर वरच्या पाच-सहा बटाट्यांवर माझ्याच टेबलावरच्या मार्करने, त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'हा भाजीचा.'