गणपतीच्या आत शटर उघडायचं होतं

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि 10 सप्टेंबरला गणपती होते, म्हणजे मधे मोजून 50 दिवस. कोकणात व्यापार करणाऱ्याला हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही. मुंबईचा चाकरमानी गावी येतो ते आठ-दहा दिवस म्हणजे अर्ध्या वर्षाची कमाई, आणि कोरोनामुळे आधीची दीड वर्षं तशीही गेलेलीच होती.

माझ्या मामाचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, तोरणं, मखराचं सामान, सगळं बारीकसारीक. 2005 च्या पुरानंतर त्याने भिंतीवर पाण्याची खूण करून ठेवली होती आणि चांगला माल कायम त्या खुणेच्या वरच्या फळ्यांवर ठेवायचा. ह्यावेळी पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. मी ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्याहून गेलो तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल होता, आणि तो साधा चिखल नाही, डिझेल, सडलेलं धान्य, काय काय मिसळलेला, फावड्याला चिकटून बसायचा. शेजारचा टेलर, समोरचा झेरॉक्सवाला, पलीकडची गिरणी, सगळ्यांची तीच गत.

मदत खूप आली हे आधी सांगतो, कारण ती खरंच आली. ठिकठिकाणाहून पोरं टेम्पो भरून आली, अनोळखी माणसांची दुकानं धुतली, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. पण आठवड्याभरात एक गोष्ट लक्षात यायला लागली की बिस्किटं, पाणी, चादरी ह्याचे ढीग लागलेत आणि दुकान परत उभं करायला जे लागतं ते मात्र कुणी आणत नाहीये. कसं आणणार, बाहेरच्याला ते दिसतच नाही ना. टेलरला चादर नको होती, त्याला मशीन उघडून साफ करून देणारा माणूस हवा होता. गिरणीवाल्याची मोटर भिजलेली, ती तशीच चालू केली असती तर जळाली असती, ती वाळवून रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायचं काम, करायला हवं, आणि गावात रिवाइंडिंग करणारेच पाण्याखाली गेलेले! शेवटी माझ्या एका मित्राने कराडहून ओळखीचा कारागीर तांब्याच्या तारेसकट आणला, तो तीन दिवस राहिला आणि त्याने जितक्या मोटरी होतील तितक्या केल्या. माझ्या मते त्या तीन दिवसांची किंमत एका ट्रकभर किटपेक्षा जास्त होती.

मी अकाउंटचं काम करतो, मग मी तेच करत बसलो. सरकारने दुकानदारांसाठी नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50 हजार, आणि टपरीवाल्यांसाठी 10 हजारांपर्यंत असं जाहीर केलेलं. त्यासाठी पंचनामा हवा, कागद हवेत, आणि कागद तर वाहून गेलेले. पण बिलं गेली तरी जीएसटीच्या पोर्टलवर खरेदी दिसते, होलसेलवाल्याकडे तुमचं खातं असतं, बँकेकडे तुम्हीच दिलेलं स्टॉक स्टेटमेंट असतं. हे सगळं गोळा करून एकेकाची फाइल बनवायची, एवढंच काम होतं, पण ज्याचं सगळं गेलंय त्याला त्या दिवसांत स्वतःचा पॅन नंबर आठवत नव्हता हो.

इन्शुरन्समध्ये जास्त वाईट वाटलं. बऱ्याच जणांची पॉलिसी कर्जाएवढ्याच रकमेची. दुकानात 8 लाखांचा माल आणि विमा 4 लाखांचा असेल तर नुकसान 2 लाखांचं झालं तरी साधारण त्याच प्रमाणात कापून निम्मेच मिळतात, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. एकाच्या पॉलिसीवर दुकानाचा पत्ता होता, मागच्या गल्लीतल्या गोडाऊनचा नव्हता, आणि माल सगळा गोडाऊनमध्ये. तो माणूस माझ्यासमोर नुसता बसून राहिला, मला काय बोलावं सुचेना. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आलेली आहे, 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी, त्यात पूर धरलेला आहे आणि विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी भरपाई कापत नाहीत. नदीकाठच्या गावात दुकान असेल तर कृपा करून आजच आपली पॉलिसी काढून बघा, रक्कम, पत्ता आणि पूर हा शब्द आहे का ते.

मामाला सगळ्यात जास्त लागली ती उधारीची वही. तिचा लगदा झालेला. त्यात किती होते ते त्यालाही नक्की सांगता येईना. पुण्याच्या होलसेलवाल्याने मात्र जुनी बाकी न मागता नवीन माल दिला, "गणपती झाले की बघू" म्हणाला. माझ्या ऑफिसातल्या लोकांनी पैसे काढले होते तेही आम्ही वाटले नाहीत, सहा दुकानांचा पहिला माल त्यातून उचलला.

गणपतीच्या आठ दिवस आधी शटर उघडलं. भिंती ओल्याच, रंग नाही, फळ्या उसन्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुहागरकडच्या एका गावातल्या काकी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माझे 640 राहिलेत, तुमची वही गेली असेल ना?" मामाने नवी वही काढली, त्यात पहिलं नाव त्यांचं लिहिलं, जमा बाजूला. मग अजून काही जण आले. सगळे नाही आले, पण आले.

आता दर जून महिन्यात मामा मला दुकानातल्या एकेका फळीचे फोटो पाठवतो, पॉलिसीचं पहिलं पान आणि वहीची सगळी पानंसुद्धा. मी ते पुण्यात सेव्ह करून ठेवतो.