पोलंडमधली पीएचडी आणि ‘विषयशाखा’ नावाचा रकाना

पोलंडला पीएचडीसाठी यायचंय म्हणून जे कोणी मला फोन करतात ते व्हिसाचं विचारतात आणि थंडीचं विचारतात. व्हिसा मिळतो. थंडीला जाकीट मिळतं. घोडं अडतं ते ‘विषयशाखा’ नावाच्या रकान्यात, आणि त्याबद्दल आधी कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हे लिहितेय. थोडं रागातच लिहितेय, समजून घ्या.

पुण्यात कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग, मग आयटीत नोकरी, मग ती सोडून डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचं एमए, असा माझा क्रम. (घरचे यावर काय म्हणाले ते जाऊ दे.) संशोधनाला विषय घेतला शब्दरूपांचा. मराठीत ‘पाऊस’चं ‘पावसात’ होतं. पोलिशमध्ये कुत्र्याला ‘प्येस’ म्हणतात आणि विभक्ती लागली की त्याचं ‘प्सा’ होतं, मधला स्वर गायबच. शब्द तोच आहे हे माणसाला न सांगता कळतं, मशीनला शिकवावं लागतं. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेली साधनं अशा भाषांपुढे हात टेकतात.

पोलंडच का, तर या कामात ही मंडळी मुरलेली आहेत. वॉर्सात पोलिश विज्ञान अकादमीची संगणकशास्त्र संस्था आहे. पोलिश शब्दांची फोड करणारा ‘मॉर्फेउश’ हा प्रोग्रॅम तिचा. व्रोत्सवाफच्या तांत्रिक विद्यापीठाने ‘स्वोवोश्येच’ नावाचं, शब्दांचे अर्थसंबंध जोडून दाखवणारं शब्दजाल उभं केलंय, ते जगातल्या सर्वांत मोठ्या शब्दजालांपैकी एक. आपल्याकडे आयआयटी मुंबईने मराठीचं वर्डनेट केलं, त्याच जातीचं काम. शिवाय दीडशे कोटींहून जास्त शब्दांचा राष्ट्रीय पोलिश भाषासंग्रह आहे. तो कोणी केला? अकादमीचीच संगणकशास्त्र संस्था आणि पोलिश भाषा संस्था, वूच विद्यापीठ आणि एक कोशप्रकाशक, अशा चौघांनी मिळून. इंजिनिअर आणि वैयाकरणी एका पंगतीला बसलेले पाहून मला वाटलं, आपली जागा हीच.

मी गेले ते एका तांत्रिक विद्यापीठात. कुठल्या ते सांगणार नाही, पदवी अजून तिथूनच घ्यायची आहे.

अर्ज, ऑनलाइन मुलाखत, निकाल हे सगळं सुरळीत पार पडलं. डिग्रीवर अपॉस्टिल, म्हणजे ती परदेशात ग्राह्य धरावी म्हणून लागणारा सरकारी शिक्का, मात्र भारतातूनच करून निघा, इथून ते करणं म्हणजे नस्ती उठाठेव. पीएचडीचं शिक्षण इथे ‘डॉक्टरल स्कूल’मध्ये होतं, त्याला फी नाही, उलट शिष्यवृत्ती मिळते. प्राध्यापकाच्या किमान पगाराच्या ३७ टक्के, आणि अर्ध्या वाटेवरचं मूल्यमापन पार केलं की ५७ टक्के. २०२४ मध्ये याचा हिशेब ३४६६ आणि ५३४० झ्लॉटी असा होता. त्यातून विम्याचे पैसे कापले जातात. मोठ्या शहरात खोलीचं भाडं दिल्यावर पहिल्या दोन वर्षांत हातात फारसं उरत नाही, हे मनाशी धरूनच या.

आता रकाना.

पोलंडमध्ये पीएचडी ‘एखाद्या विषयावर’ मिळत नाही, ती सरकारी यादीतल्या विषयशाखेत मिळते. आधी अशा १०२ शाखा होत्या. २०१८ च्या कायद्याने त्यांच्या ४७ केल्या, २०२२ मध्ये परत काही वाढवल्या. माझं काम यातल्या तीन शाखांच्या सीमेवर येतं. ‘संगणकशास्त्र’ विज्ञानात मोडतं. ‘तांत्रिक संगणकशास्त्र आणि दूरसंचार’ अभियांत्रिकीत मोडतं. हो, या दोन वेगळ्या शाखा आहेत, वेगळ्या क्षेत्रांतल्या. आणि ‘भाषाशास्त्र’ मानव्यविद्येत.

प्रवेशाच्या वेळी यातली अभियांत्रिकीची शाखा निवडली, कारण माझे गाईड तिथले. पुढचा टप्पा म्हणजे वैयक्तिक संशोधन आराखडा. स्कूल सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत तो द्यावाच लागतो, आणि अर्ध्या वाटेवर तुमचं मूल्यमापन याच आराखड्याबरहुकूम होतं. निकाल नकारार्थी आला तर नाव कमी. त्यामुळे आराखडा हा गमतीचा कागद नव्हे.

आमच्याकडे त्यावर शाखामंडळाचं, म्हणजे त्या शाखेतल्या प्राध्यापकांच्या समितीचं, मत मागवतात. माझा आराखडा परत आला. शीर्षकातल्या ‘मराठी’ या शब्दाभोवती कोणीतरी हिरव्या पेनने गोल काढला होता आणि समासात फक्त एक प्रश्नचिन्ह. बाकी काही नाही. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ विचारायला गेले तर सचिवालयाच्या दारावर वेळांचा कागद: बुधवारी अंतर्गत कामकाज, विद्यार्थ्यांनी येऊ नये. तो बुधवार होता. गुरुवारी आतल्या बाई अगदी अदबीने म्हणाल्या की मंडळाच्या मते हे भाषाशास्त्र आहे, अभियांत्रिकी नव्हे.

बरं, मग भाषाशास्त्रात करू? ते जमत नाही. ज्या शाखेत सरकारी मूल्यमापनात संस्थेला ए-प्लस, ए किंवा बी-प्लस श्रेणी असते तिथेच ती पीएचडी देऊ शकते, आणि आमच्या विद्यापीठात भाषाशास्त्राचं मूल्यमापनच होत नाही. मी त्याच शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठाच्या भाषाशास्त्रवाल्यांना भेटले. त्यांनी आराखडा चाळला, आकडे आणि आकृत्या पाहिल्या आणि म्हणाले, हे तर संगणकशास्त्र! परत आमच्याकडे. परत बैठक पुढच्या महिन्यात. मग जुलै-ऑगस्ट, आणि उन्हाळ्यात मंडळ बसतच नाही. माझ्या मेलला उत्तर यायचं, ‘कृपया प्रतीक्षा करावी’. लग्नात दोन्ही पक्षांनी आपल्याला समोरच्यांकडचं समजावं आणि कोणीच जेवायला बसवू नये, तशी माझी अवस्था.

यात दुष्टावा कोणाचा नाही, हे मला फार उशिरा उमगलं. सगळं मोजणीवर बेतलेलं आहे. प्रत्येक संशोधक आपली शाखा लेखी जाहीर करतो, जास्तीत जास्त दोन. शाखेतल्या संशोधकांची संख्या १२ च्या खाली गेली तर तिचं मूल्यमापन होत नाही. नियतकालिकांना मंत्रालयाच्या यादीत गुण असतात, २० पासून २०० पर्यंत, आणि प्रत्येक नियतकालिक कुठल्या शाखांचं हेही तिथेच ठरलेलं. संगणकवाल्यांना परिषदेतल्या निबंधाचे चांगले गुण मिळतात, भाषावाल्यांना वजन ग्रंथाचं. म्हणजे माझा एखादा निबंध कोणाच्या खात्यावर जमा होणार, हा मंडळापुढचा खरा प्रश्न होता. समासात तेवढं जरी लिहिलं असतं तरी माझा उन्हाळा वाचला असता.

जास्त संताप याचा, की हे पोलंडमध्ये घडावं! पुण्यात सेकंड इयरला आम्ही स्टॅक वापरून इनफिक्सचं पोस्टफिक्स, म्हणजे ‘अ + ब’चं ‘अ ब +’, करायचो आणि त्याला ‘रिव्हर्स पोलिश’ म्हणायचो. त्यातलं पोलिश म्हणजे यान वुकाशेविच, ज्यांनी १९२४ मध्ये कंसांशिवाय सूत्रं लिहायची पद्धत काढली. माणूस तत्त्वज्ञानातला, तर्कशास्त्राचा, आणि काही काळ देशाचा शिक्षणमंत्रीही. त्यांच्याच परंपरेतले काझिमिएश आयदुक्येविच यांनी १९३५ मध्ये वाक्यरचना जवळजवळ अपूर्णांकांसारखी सोडवून दाखवली. ते व्याकरण आज संगणकीय भाषाशास्त्रात शिकवतात. एनिग्मा या जर्मन गूढलेखन यंत्राचंही तेच. १९२९ मध्ये पोझनानला गूढलिपीचा वर्ग काढला तो गणिताच्या, पण जर्मन उत्तम येणाऱ्या मुलांसाठी. त्यातूनच रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की आले, आणि १९३२ च्या डिसेंबरात रेयेव्स्कींनी एनिग्मा फोडली. या मंडळींचा आराखडा आमच्या मंडळापुढे आला असता तर हिरवा गोल नक्की कशाभोवती पडला असता, मला खरंच पाहायचंय.

असो. सुटलं कसं ते सांगते.

आंतरशाखीय पीएचडीची सोय कायद्यात आहे, पण एकाच क्षेत्राच्या आत. मानव्यविद्या आणि अभियांत्रिकी ही दोन क्षेत्रं, त्यामुळे माझ्या ती काही कामाची नव्हती. उपयोगी पडला तो साहाय्यक मार्गदर्शक. मुख्य गाईडला हॅबिलिटेशन, म्हणजे पीएचडीनंतरची वरची पदवी, लागते. साहाय्यकाला साधी पीएचडी पुरते, आणि तो दुसऱ्या विद्यापीठातला चालतो. ‘हे तर संगणकशास्त्र’ म्हणणाऱ्यांमधल्याच एका बाई तयार झाल्या. गाईडने शीर्षक उलटं केलं: आधी ‘विभक्तिप्रधान भाषांतील शब्दरूपांच्या विश्लेषणाची पद्धत’, मग स्वल्पविराम, मग ‘पोलिश व मराठीच्या आधारे’. आतलं काम शब्दानेही बदललं नाही. पुढच्याच बैठकीत मंजूर. मी आनंदाने नाचायला हवं होतं, पण खरं सांगते, चिडून घरी जाऊन झोपले.

तेव्हा अर्ज करण्याआधी गाईडला दोन गोष्टी थेट विचारा: सर, तुम्ही कुठली शाखा जाहीर केली आहे, आणि तिथे संस्थेची श्रेणी काय आहे? उद्धट वाटेल म्हणून कचरू नका, इथे हा प्रश्न नेहमीचा आहे. गाईडच्या नावाआधी नुसतं ‘डॉक्टर’ असेल तर ते मुख्य गाईड होतील का, हेही पाहून घ्या. मला कोल्हापूरच्या एका मुलीचा मेल आला होता, चार ‘डॉक्टरां’ना लिहून बसली होती. (तिच्या गावाजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश निर्वासित राहून गेले. इथल्या लोकांना ते सांगितलं की गप्पा रंगतात, कागद मात्र हलत नाही.)

मंडळाचा आक्षेप तोंडी ऐकू नका, मेलवर मागा. मेलवर मागितला की तो बऱ्याचदा आपोआप सौम्य होतो. पेसेल, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, मिळाला की सरकारी डिजिटल सही लगेच काढा, अर्ज घरबसल्या सही करून पाठवता येतात आणि बुधवारचा प्रश्नच मिटतो.

आणि हो, विसरतच होते. पदवीसाठी परकीय भाषेचं किमान बी-२ पातळीचं प्रमाणपत्र लागतं. आपलं शिक्षण इंग्रजीतून झालंय म्हणून निर्धास्त राहू नका. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो आणि पीएचडी चार वर्षं चालते, तेव्हा नेमकं काय चालेल ते पहिल्या वर्षीच लेखी विचारून ठेवा. मी विचारलंय. उत्तर आलंय, कृपया प्रतीक्षा करावी.