फायरवॉलला दोष देत घालवलेले नऊ दिवस

ऑफिसातल्या फायली घरून उघडायच्या असतील, तर आधी एवढंच करा: इंटरनेटच्या बाजूने ऑफिसच्या मशीनला कोणता आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळालाय ते बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बाहेरून ऑफिसात शिरायची वाट तुमच्या हातात नाही. मला हे नऊ दिवसांनी कळलं.

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस, सात कॉम्प्युटर. फायली पेनड्राइव्हवरून फिरायच्या आणि एकाच क्लायंटचा ताळेबंद तीन मशीनवर तीन तऱ्हांचा सापडायचा. जुन्या डेस्कटॉपला दुसरं लॅन कार्ड लावलं, डेबियन १२ (लिनक्स) टाकलं, एनएफटेबल्समध्ये फायरवॉलचे, म्हणजे कोणाला आत सोडायचं याचे, नियम लिहिले, नेटवर्कवर फायली वाटणाऱ्या सांबावर फोल्डर शेअर केले. दोन संध्याकाळींत झालं.

मग ऑफिसच्या सरांना घरून फायली हव्या होत्या, म्हणून वायरगार्ड बसवलं, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायची सुरक्षित वाट (व्हीपीएन). ऑफिसच्या वायफायवर लगेच जोडलं जायचं, घरून काही केल्या नाही. नियम पुसून पुन्हा लिहिले, वायरगार्डचा पोर्ट (दाराचा क्रमांक) ५१८२० बदलून पाहिला, एका रात्री अख्खं मशीन नव्याने लावलं. शेवटी येणारी-जाणारी पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे, दाखवणारा टीसीपीडम्प चालू ठेवून मोबाइल डेटावरून प्रयत्न केला. बाहेरून एकही पॅकेट येत नव्हतं. म्हणजे माझी फायरवॉल काही अडवतच नव्हती!

नेटवाल्यांना फोन केला. “नेट चालू आहे ना सर? मग तक्रार काय लिहू?” राउटर बंद करून चालू करा, हे चार वेळा ऐकलं. त्यांच्या ऑफिसात तीन चकरा झाल्या. जीएसटी सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली, ती सापडेना म्हणून परत दिली. प्रत्येक वेळी “फॉर्म वर पाठवलाय.” अखेर लाइनवर काम करणाऱ्या एका मुलाने अर्ध्या मिनिटात सांगितलं, “सर, तुम्ही सीजीनॅटवर आहात. स्टॅटिक आयपी घ्या.” सीजीनॅट म्हणजे हे: इंटरनेटचे आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते अपुरे, म्हणून अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. स्टॅटिक आयपी म्हणजे फक्त आपला, न बदलणारा सार्वजनिक पत्ता. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून आलेलं पॅकेट नेमकं कोणाकडे पाठवायचं हे मधल्या यंत्राला कळत नाही. एवढं वाक्य काउंटरवर कोणालाच सांगता येऊ नये, याचा राग अजून आहे.

स्टॅटिक आयपी मिळत नसेल, तर सार्वजनिक पत्ता असलेला छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवा. ऑफिसचं मशीन त्याला स्वतः जोडलं जातं, घरचं मशीनही त्यालाच जोडायचं. वायरगार्डमधलं किपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत ठेवणारा छोटा संदेश, दर २५ सेकंदांनी ठेवा.

आणि हो, सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा असतो, तो एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने टाकावा लागतो. “सरळ ४४५ पोर्ट (सांबाचा) उघड,” असं एका ओळखीच्याने सुचवलं होतं. अजिबात उघडू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता.

स्टॅटिक आयपी चालू झाला त्या संध्याकाळी नियमांतलं एक अक्षरही बदललं नाही. सरांचा घरून फोन आला, “अरे, फोल्डर दिसतोय.”