तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री बॅटरी पेटली तर?

गाडीमागे ओढायचा आमचा झोपायच्या केबिनचा ट्रेलर सोसायटीच्या गेटातून आत आला की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "केवढ्याला पडला?" त्याचं उत्तर मी देत नाही, खरा आकडा अजून घरातही कुणाला सांगितलेला नाही. दुसरा प्रश्न मात्र मनापासून येतो आणि तो विचारताना माणूस एक पाऊल मागे सरकतो. "ताई, आत लिथियमची बॅटरी आहे ना? रात्री झोपेत पेटली तर?"

प्रश्न रास्त आहे. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर धुराचे लोट सोडत पेटली, तो व्हिडिओ तेव्हा प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेला. त्याच वर्षी सरकारने ई-दुचाकींच्या बॅटरीचं एआयएस-156 हे मानक आणखी कडक केलं. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत ई-सायकलची बॅटरी लिफ्टमधून वर न्यायची की नाही, यावर रीतसर चर्चा झाली आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

मला भीती बॅटरीची कमी आणि तिला जोडलेल्या तांब्याची जास्त वाटते. मी रबाळ्याच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात वायरिंगचं काम बघते. दुरुस्तीला आलेली जळकी पॅनलं उघडली की काळा डाग बहुतेक वेळा एकाच ठिकाणी दिसतो, वायर कुठेतरी जोडली आहे तिथे. वायरच्या मधोमध नाही, उपकरणाच्या पोटातही क्वचितच.

आधी बॅटरीचं बघू. त्या काळातल्या बऱ्याच स्कूटरमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचे सेल असत. जागा कमी, ताकद जास्त, म्हणून स्कूटरला ते सोयीचे. आमच्या ट्रेलरमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. 1997 मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने हे रसायन पुढे आणलं. यात ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट धरून असतो की सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे आगीला आतून हवा मिळत नाही. म्हणजे हा सेल जळतच नाही असं नाही. चेचला, भोसकला किंवा मर्यादेबाहेर चार्ज केला तर तोही फुगतो, ज्वालाग्राही वायू सोडतो. पण त्याला पेटवायला बरेच कष्ट घ्यावे लागतात, आणि ते कष्ट आपल्या हातून होऊ नयेत म्हणून आत बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, असतो. सेल 3.65 व्होल्टच्या वर जायला लागला, फार खाली उतरला किंवा तापला की तो रस्ता बंद करतो. असे चार सेल एकापुढे एक जोडले की 12.8 व्होल्ट होतात. 100 अँपियर-अवरची बॅटरी म्हणजे 1280 वॅट-अवर. लहान कॉम्प्रेसर फ्रिज, पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप यांना ती दीड-दोन दिवस पुरते.

स्थानिक बाजारात सुटे सेल घेऊन पॅक बांधून देणारे भरपूर आहेत. मी तयार सीलबंद बॅटरी घेतली. सेल जुळवणं, त्यांना सारख्या दाबाखाली बांधणं हे माझं काम नव्हे. जे येत नाही ते विकत घ्यावं.

आता तांब्याकडे. चटणी-वाटणासाठी मिक्सर हवा हा सासूबाईंचा आग्रह, म्हणून 1000 वॅटचा इन्व्हर्टर घेतला. 230 व्होल्टच्या बाजूला हा भार किरकोळ वाटतो. पण 12 व्होल्टच्या बाजूला तोच भार 80 अँपियरच्या वर जातो, तोटा धरला तर 90 च्या पुढे. समजा, बॅटरीवरचा एक नट जरा ढिला आहे आणि तिथे 5 मिलिओहम अडथळा तयार झाला. साध्या मीटरवर हा अडथळा दिसतही नाही. अँपियरचा वर्ग गुणिले अडथळा करून बघा: 80 गुणिले 80 गुणिले 0.005, म्हणजे 32 वॅट. लॅमिंग्टन रोडवर मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. म्हणजे एका ढिल्या नटापायी बॅटरीच्या डोक्यावर पेटतं सोल्डरिंग आयर्न ठेवून आपण झोपायला जातो. 12 व्होल्टला हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून लोक ते निरुपद्रवी समजतात. झटका व्होल्टवर ठरतो, आगीला अँपियर पुरतात.

म्हणून मोठ्या वायरी 35 स्क्वेअर एमएमच्या, लोहार चाळीतून आणलेल्या, कल्हई केलेल्या तांब्याच्या. ऐरोलीच्या खाडीवरची हवा नुसतं तांबं वर्षभरात हिरवं करते. वायरच्या टोकांना बसवायचे धातूचे थिंबल हायड्रॉलिक पंचने दाबले. हातोडीने ठोकून बसवणारे मिस्त्री आहेत, आणि त्यांचा आत्मविश्वास दांडगा असतो. आमच्या कारखान्यात नव्या मुलाचं काम तपासायची एक रीत आहे. त्याने दाबलेलं एक थिंबल हॅकसॉने मधोमध आडवं कापायचं. पंच बरोबर बसला असेल तर कापलेला भाग तांब्याच्या नाण्यासारखा सलग दिसतो, तारा वेगळ्या ओळखूच येत नाहीत. बारीक काळी भोकं दिसली की तिथे हवा आहे, हवेबरोबर ओल येणार, ओलीबरोबर गंज. ट्रेलरसाठीही मी एक थिंबल असंच कापलं आणि ज्यांना रस आहे त्यांना दाखवते. सोल्डर मात्र करू नका. सोल्डर तारांमध्ये चढतं, तिथे वायर कडक होते, आणि खडखडाटात बरोबर त्या कडक जागेच्या टोकाशी तारा एकेक करून तुटतात.

आणि खडखडाट तर असणारच, त्यासाठीच हा ट्रेलर बांधलाय. मुरबाड सोडून टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्याकडे कच्च्या वाटेला लागलं की घरातल्या इन्व्हर्टरच्या वायरिंगला आयुष्यात मिळणार नाहीत इतके धक्के याला एका दुपारी मिळतात. प्रत्येक मोठा नट टॉर्क रेंचने, बॅटरीच्या कागदावर दिलेल्या आकड्याइतकाच आवळायचा. मग नटापासून खालच्या पट्टीपर्यंत लाल पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. मुक्कामाला पोचलो की मी बॉक्सचं झाकण उघडून टॉर्चने रेघा बघते, तोवर नवरा चहाचं बघतो. रेंच बाहेर काढायची वेळ क्वचित येते. बॉक्समध्ये काम करताना अंगठी आणि बांगड्या काढून ठेवायच्या, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची. दोन टर्मिनलांवर आडवा पडलेला पाना सोडवायला हात घालू नये.

फ्यूजबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. फ्यूज उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून जितका जवळ बसेल तितका जवळ हवा, नाहीतर मधली वायर उघडी पडल्यावर तिला कुणी वाली नाही. ही बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणभर हजारो अँपियर सोडू शकते. गाडीतला साधा फ्यूज एवढ्या प्रवाहात वितळतो, पण आतल्या आत ठिणगीचा पूल टिकून राहू शकतो. म्हणून ती ठिणगी आतच विझवणारा टी-क्लासचा फ्यूज, माझ्याकडे 125 अँपियरचा आहे. महाग वाटतो. घ्याच.

घरातला एमसीबी इथे लावलेले ट्रेलर मी पाहिलेत. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्या शून्यावर ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. डीसीसाठी बनवलेला ब्रेकरच लागतो.

बॅटरी कुठे ठेवायची? आमची पुढे, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या त्रिकोणावरच्या पत्र्याच्या बॉक्समध्ये आहे, झोपायच्या केबिनच्या बाहेर. घरातली जुनी ट्युब्युलर बॅटरी वापरू का, असंही विचारतात. तिचं वजन 50 किलोच्या पुढे, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. बंद केबिनमध्ये तर नकोच. गॅसचा छोटा सिलिंडर आमच्याकडे मागच्या स्वयंपाकाच्या कप्प्यात, बॅटरीपासून ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली बसतो, म्हणून त्याच्या कप्प्याला तळाशी भोकं. हायड्रोजन वर जातो, त्याला भोक वर लागतं. दोघांना एका पेटीत कोंबणाऱ्याला मी नमस्कार करते आणि तिथून निघते.

चार्जिंग गाडीवर आणि छतावरच्या 200 वॅटच्या पॅनलवर. गाडीच्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, थेट वायर ओढू नका. ही बॅटरी हातचं न राखता प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर भाजून निघतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लावला की तो ठरावीक 20-30 अँपियरच घेतो. कृषी पर्यटनाच्या शेडमधून वीज घेताना आधी टेस्टिंग लॅम्पने अर्थिंग बघते, आणि आत 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की ती तोडणारा स्विच, आहे. मे महिन्यात बंद पेटी उन्हात ठेवली तर आत सहज इतकं तापतं की चार्जिंग थांबवावं लागतं. बहुतेक सेलची चार्जिंगची वरची मर्यादा 45 ते 55 अंशांच्या मध्ये असते. म्हणून पेटीला पांढरा रंग आणि गाडी शक्यतो झाडाखाली. शून्याखाली चार्जिंग मुळीच चालत नाही, पण ती काळजी स्पिती-लडाखला निघालेल्यांनी करायची.

एसी नाही. एक टनाचा एसी ही सगळी बॅटरी तासाभरात संपवील.

"पूर्ण घरी बांधलात?" नाही. सांगाडा, ॲक्सल आणि कपलिंग मान्यताप्राप्त कारखान्याचे, फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) आणि 22 (रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) सकट. वर बांधलेल्या बॉडीसाठी 22-ए. मोटार वाहन कायदा 1988 ट्रेलरला स्वतंत्र वाहन मानतो, त्याला स्वतःची नंबर प्लेट लागते. आमची एमएच-43. बॉडी तुर्भ्याला मिस्त्रींकडून वेल्ड करून घेतली, मग वजनकाट्यावर नेऊन पुढच्या हुकवर एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पडतोय ना ते बघितलं. मागे जास्त वजन गेलं तर ट्रेलर घाटात शेपूट हलवतो. कमानी पट्ट्यांच्या घेतल्या, कारण त्या मोडल्या तर मुरबाडच्या कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होतात.

आता मूळ प्रश्न. एवढं करूनही पेटलीच तर? केबिनला दोन्ही बाजूंना दार आहे आणि दोन्ही दारं आतून एका झटक्यात उघडतात. ते मी पाहुण्यांना पांघरूण द्यायच्या आधी करून दाखवते. धूर ओळखणारा अलार्म छताला आहे. दाराशी पावडरचा अग्निशामक आहे, तो वायर, कापड, स्वयंपाकाच्या आगीसाठी. सेल पेटले तर पावडर ज्वाळा दाबते, आतली उष्णता तशीच राहते आणि पुन्हा भडका उडतो. त्यांना थंड करायला पाणी लागतं, तेही भरपूर, आणि धुरात विषारी हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो. त्यामुळे आमचं ठरलंय: मुलं आणि सासूबाई आधी बाहेर, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला लांब जायचं, 112 ला फोन करायचा, आणि सामानासाठी कुणी परत आत शिरायचं नाही. मिक्सरसाठीही नाही, हे सासूबाईंनी मान्य केलंय.