लोकरीचा स्विमसूट विणला, आणि त्यात पोहलेसुद्धा

१९३०च्या दशकातले इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवरचे फोटो बघा. बायकांच्या अंगावरचे पोहण्याचे पोशाख बऱ्याचदा विणलेले दिसतात, आणि तेही लोकरीचे. ज्याने एकदा तरी लोकरीचा स्वेटर हाताने धुतलाय, त्याला विचारा बादलीतून उचलताना त्याच्या बाह्या कुठवर येतात ते. मग या बायका पाण्यातून बाहेर येत कशा असतील?

मी इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या लीड्सला राहते आणि थंड पाण्यात पोहणाऱ्या बायकांच्या एका गटात आहे. यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस सगळ्यांनी १९३०च्या वेशात समुद्रात उतरायचं अशी टूम निघाली. बाकीच्यांनी जुन्या धाटणीचे नायलॉनचे सूट ऑनलाइन मागवले. तसे सूट सुंदर असतात, पण बहुतेक १९५०च्या वळणाचे. आकार धरायला आत ताठ पट्ट्या घातलेली छाती, मागे चेन, खाली पुढून चुण्या. १९३०चा सूट साधा असतो, पाठ चांगली खोल कापलेली, पुढे सरळ गळा, कमरेला पट्टा. मला विणता येतं, तेव्हा खराखुरा विणूनच बघावा असं डोक्यात आलं आणि ते काही केल्या जाईना.

नमुना मिळणं सोपं होतं. त्या काळी बायकांची मासिकं आणि लोकर विकणाऱ्या कंपन्या दोन-चार पेनींना विणकामाची पत्रकं काढत. दुकानातला सूट परवडत नसलेल्या मुली घरीच विणत. आमच्या शेजारच्या हॅलिफॅक्समध्ये बाल्डविन्स नावाची लोकरीची मोठी गिरणी होती. १९२०मध्ये ती स्कॉटलंडच्या पॅटन्सशी एक झाली आणि या जोड कंपनीची पत्रकं इथल्या जुन्या बाजारांत अजूनही फिरत असतात. माझं पत्रक दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचं, कोपरे कुरतडलेलं. समासात कोणीतरी पेन्सिलीने ओळी मोजल्याच्या चारचारच्या काड्या मारलेल्या. माप एकच, छाती ३४ इंच. ज्यांची छाती ३४ नाही त्यांनी काय करायचं, याबद्दल चकार शब्द नाही.

सुया दिल्या होत्या दहा नंबर आणि बारा नंबर. माझ्या गटातल्या विणणाऱ्या मैत्रिणींना हे वाचून तक्ता शोधावा लागला, कारण इथे आता सगळं मिलीमीटरमध्ये चालतं. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मला तक्त्याची गरजच पडली नाही. साताऱ्याला आईच्या डब्यात दहा आणि बारा नंबरच्याच सुया असायच्या, आणि 'बॉर्डर बाराने, अंग दहाने' हे मी शाळेत असल्यापासून ऐकलंय. इंग्लंडने टाकून दिलेली मोजणी आपल्या बायकांनी अजून सांभाळून ठेवली आहे.

लोकरीच्या बाबतीत मात्र बराच वेळ गेला. आज दुकानात मिळणारी बरीच लोकर मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली असते. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकतात म्हणून लोकर आटते, आणि अडकतात म्हणूनच ती आकारही धरून ठेवते. प्रक्रियेत हे खवले घालवतात किंवा झाकतात. मग कपडा आटत नाही, पण भिजला की लांबत जातो. पोहण्याच्या पोशाखाला अशी लोकर म्हणजे संकटच. मला हवी होती साधी, घट्ट पीळ दिलेली, लांब धाग्यांची लोकर. इथल्या किनाऱ्यावरचे कोळी ज्या लोकरीचे गर्द निळे स्वेटर घालायचे, तिच्याच जातीची पण बारीक.

मी वेगवेगळ्या लोकरींचे तळहाताएवढे तुकडे विणले, पाण्यात बुडवले आणि न्हाणीघरातल्या दोरीला चिमट्याने टांगले. प्रत्येकाच्या खालच्या कडेला दुसऱ्या चिमट्याने एकेक जेवणाचा चमचा लटकवला आणि फूटपट्टी घेऊन समोर बसले. मऊ, महागडी मेरिनो बघता बघता इंचभर उतरली. घट्ट पिळाची खरबरीत लोकर जेमतेम हलली. तीच लोकर दहाऐवजी बारा नंबरने विणली तर आणखी कमी. तिथेच ठरलं की सगळा सूट बाराने विणायचा, बोटं दुखली तरी चालेल.

मग गणित. पत्रकात एका इंचात आठ टाके धरले होते, आणि ३४ इंच छातीसाठी तयार सूट भरत होता ३० इंच. म्हणजे तो अंगापेक्षा चार इंच लहानच विणायचा, ताणूनच घालायचा. माझी छाती ३८. त्याच प्रमाणात काढलं तर साडेतेहेतीस इंच, म्हणजे साडेतीन इंच वाढवायचे, आठच्या हिशेबाने २८ टाके, पुढे चौदा, मागे चौदा. उंचीची गोष्ट वेगळी. रुंदी अंगावर ताणली की लांबी थोडी खेचली जाते, आणि भिजली की उलट वाढते. ही दोन्ही ओढाताण जमेला धरून मी धड पत्रकाइतकंच ठेवलं.

विणायला लागल्यावर कळलं की या साध्या दिसणाऱ्या पोशाखात किती डोकं लावलंय. सुरुवात पायांपासून. दोन आखूड पाय वेगवेगळे विणायचे, मग एका सुईवर घेऊन जोडायचे. आसनाजवळ एक चौकोनी कळी तिरकी बसवायची, सलवारीला बसवतात तशीच, म्हणजे पाय हलवताना शिवण ओढत नाही. कमरेला दोन इंच एक सुलट एक उलट. तिथून वर पुढचा भाग हळूहळू निमुळता, आणि पाठ कमरेपासून थोडी वर येऊन थांबते. उरते फक्त दोन पट्ट्यांची फुली. तेव्हा ऊन अंगावर घेण्याची नवी हौस आली होती. काळवंडलेली पाठ संध्याकाळच्या पाठ उघड्या गाउनमध्ये मिरवायची, म्हणून पोहण्याच्या पोशाखाची पाठही तशीच खोल.

पुढच्या बाजूला मांड्यांवरून जाणारी एक आडवी पट्टी असते, छोटा स्कर्टच म्हणा. आधीच्या दशकातल्या नियमांची ती उरलेली खूण. १९२२ सालचा वॉशिंग्टनमधला एक फोटो प्रसिद्ध आहे. टायडल बेसिन नावाच्या जलाशयाच्या काठी एक अधिकारी गुडघे टेकून बाईच्या गुडघ्यापासून पोशाखापर्यंतचं अंतर टेपने मोजतोय. सहा इंचांपेक्षा जास्त मांडी दिसता कामा नये, असा आदेश होता. माझ्या पत्रकात ही पट्टी 'हवी असल्यास' म्हणून दिली आहे. मी विणली. मांड्या झाकायच्या म्हणून नाही. तिच्यामुळे खालचा भाग दुहेरी होतो, आणि ओल्या लोकरीला जिथे सर्वांत जास्त भार येणार तिथेच हा दुसरा थर येतो.

लवचीक विणीचं श्रेय मात्र अमेरिकेतल्या पोर्टलंडला जातं. १९१३च्या सुमारास तिथल्या होडी वल्हवणाऱ्या क्लबच्या एका सभासदाने गावातल्या विणकाम कंपनीकडे थंडीत वल्हवताना घालायला चड्डी मागितली. कंपनीने स्वेटरच्या मनगटाला असते तीच ताणणारी वीण वापरून ती करून दिली. त्यातून पुढे पोहण्याचे पोशाख आले, कंपनीचं नाव जँटझन झालं आणि लाल पोशाखात सूर मारणारी मुलगी ही तिची खूण जगभर गेली. शर्यतीत पोहणाऱ्या मुली मात्र लोकरीच्या वाटेला फारशा जात नसत. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकणारी ऑस्ट्रेलियाची क्लेअर डेनिस रेशमी पोशाखात पोहली. तिच्या पोशाखातून खांदा जरा जास्तच दिसतो अशी तक्रार तेव्हा झाली होती, हे वेगळं.

अर्धा सूट झाला तेव्हा आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ताणायच्या हिशेबाने विणलेला असल्यामुळे तो हातात इवलासा दिसतो.

"अगं, कोणाला बाळ झालंय?"

"आई, माझा आहे. पोहायचा."

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मीनाक्षी शिरोडकरसारखा?"

आता गप्प व्हायची पाळी माझी होती. १९३८चा 'ब्रह्मचारी', मास्टर विनायकांचं दिग्दर्शन, अत्र्यांची लेखणी, आणि त्यात पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू खेळ' म्हणणाऱ्या मीनाक्षीबाई. त्या प्रसंगाने तेव्हा केवढी खळबळ उडवली होती, हे आईने आजीच्या तोंडून ऐकलेलं. आजीचं मत असं होतं म्हणे, की बाई धीट होती आणि पोशाख तिला शोभत होता, बोंबा मारणारे पुरुषच पुन्हा पुन्हा तिकीट काढत होते. नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्या नाती, हेही आईने मला ऐकवलं, जणू मला माहीतच नाही. ज्या दशकाला मी यॉर्कशायरच्या जुन्या बाजारात शोधत होते, ते आमच्या घरात आधीच येऊन बसलेलं होतं.

शेवटचं काम पट्ट्याचं. पत्रकात पांढरा पट्टा आणि बक्कल सांगितलं होतं, कमरेच्या दोन्ही बाजूंना तो ओवायला विणलेल्या लुप्या. हे सगळं मिरवायला असेल असं मी धरून चालले होते. पांढरी जाड सुती पट्टी आणि एक जुनं बक्कल घेतलं, गळ्याला क्रोशाची एक ओळ फिरवली, एका खांद्यावर दोन काजं केली. पुढच्या भागाला आतून बारीक लोकरीचा दुसरा थर विणून टाचला. त्या काळी आधार काही नसायचा, पण इतका अस्सलपणा मला झेपणारा नव्हता. वजन केलं, कोरडा ३४० ग्रॅम.

समुद्रात उतरलो ते यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या फायली या गावी. जुलै असला तरी नॉर्थ सी तो, पाणी पंधरा अंशांच्या आसपास. गटातल्या दोन आजीबाई माझ्याकडे बघून आधीच हसत होत्या. युद्धात आणि युद्धानंतर इथे कपड्यांना कूपन लागायची, रेशन १९४९पर्यंत चाललं, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं आयांनी मुलांचे पोहण्याचे पोशाख घरीच विणले. दोघींनीही लहानपणी ते घातलेले. एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाहेर येताना एकदम उभी राहू नकोस. उथळ पाण्यात बसून आधी पोटावरचं आणि मागचं पाणी पिळून काढ, मग ऊठ."

पाण्यात काही म्हणजे काही त्रास नाही. हे मला अगदी अनपेक्षित होतं. लोकर पाण्यात तरंगत नाही आणि बुडवतही नाही. भिजलेली असली तरी आत-बाहेर पाणीच, त्यामुळे वजन जाणवत नाही. कोरडी असताना टोचणारी लोकर ओली झाली की मुकाट होते. हात पुढे टाकताना पाठ मोकळी, कळीमुळे पाय मोकळे. नायलॉनवाल्या मैत्रिणींपेक्षा मी हळू होते हे खरं, पण थंडी पोटाला जरा उशिरा भिडली.

खरी परीक्षा परतताना. मी सांगितल्याप्रमाणे बसले, पिळलं, उठले. तरीही सूट सगळा खाली निघाला, आणि कमरेवर येऊन थांबला. पट्ट्याने धरला. वरचा भाग जागच्या जागी, खालचा भाग पट्टीच्या दुहेरी थरासकट दोनेक इंच उतरलेला, पायांतून धारा लागलेल्या. पट्टा सोडून बघितलं तर छातीपासूनच सगळं घसरायला लागलं. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की ते बक्कल नुसतं नटायला नव्हतं. भिजलेल्या लोकरीचा भार खांद्यांवरून काढून कमरेवर घ्यायची ती युक्ती होती, आणि मासिकांनी तिला फॅशन म्हणून खपवली. घरी आणून न पिळता काट्यावर ठेवला तर किलोच्या वर भरला.

हे दुखणं पुढे रबराने मिटवलं. १९३१च्या सुमारास रबराच्या बारीक तारेभोवती सूत गुंडाळलेला लास्टेक्स नावाचा धागा आला. दशक संपेपर्यंत दुकानातले चांगले सूट त्याचे होऊ लागले, आणि लोकर उरली घरी विणणाऱ्यांपुरती. आजच्या स्विमसूटमधला ताणणारा कृत्रिम धागा, लायक्रा, यायला अजून वीस वर्षं होती.

कोणाला विणायचा असेल तर दोन गोष्टी सांगते. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून खार काढा, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवा वाळवा, टांगू नका. आणि कसरीपासून जपा. जुने मूळ सूट हल्ली क्वचितच धड सापडतात, त्यात कसरीचा वाटा मोठा आहे. मी माझा घट्ट पिशवीत ठेवलाय. पुढचा विणताना मी कमरेच्या खाली इंचभर कमी करणार आहे, म्हणजे भिजल्यावर तो मापात येईल. आईनेही पत्रकाचे फोटो मागवून घेतले आहेत. पाय आणि पट्टी वगळून, वरच्या अंगाचा माझ्या भाच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर चांगला होईल, असं तिचं म्हणणं.